आजी-आजोबा सणाला फोनवर का बोलत नाहीत? कान, स्क्रीन, वेळ आणि सुरक्षितता: सगळं एका ठिकाणी

माझे आजोबा, आम्ही त्यांना आण्णा म्हणतो, 2022 आणि 2023 च्या दिवाळीत फोनवर कुणाशीच धड बोलले नाहीत. आत्या न्यू जर्सीत, धाकटे काका शारजात. फोन वाजला की आण्णा म्हणायचे, "तुम्हीच बोला, मी काय बोलू?" आणि गोठ्याकडे निघून जायचे. घरात सगळ्यांनी ठरवून टाकलं की आण्णांना स्मार्टफोन कळत नाही. मी घरातला 'टेक्निकल' माणूस. म्हणून तीन वेळा त्यांना शिकवायला बसलो. हिरवं बटण वर सरकवा, इथं व्हिडिओ, इथं स्पीकर. आण्णा मान हलवायचे आणि दुसऱ्या दिवशी परत तेच.

खरं कारण 2024 च्या गणपतीत कळलं. आत्याचा फोन ठेवल्यावर त्यांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "काय म्हणाली रं ती? आवाज येतोय, पण शब्द कळंना झालेत."

आण्णांनी शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत 28 वर्षं फेटलिंगला काम केलंय. ओतलेल्या कास्टिंगचा जादाचा भाग ग्राइंडरने घासून काढायचं काम. तो आवाज ज्यांनी ऐकलाय त्यांना जास्त सांगायला नको. मीही याच एमआयडीसीत एका मशीन शॉपला क्वालिटीमध्ये आहे, आम्हाला आता इअरप्लग मिळतात. त्यांच्या वेळी कानात कापूस असायचा, तोही आठवला तर.

म्हणजे अडचण फोनची नव्हतीच. मी दोन वर्षं चुकीची गोष्ट दुरुस्त करत होतो. तुमच्याकडून तसं होऊ नये म्हणून हा लेख. घरातल्या मोठ्या माणसांना सणासुदीला लांबच्या माणसांशी नीट बोलता यावं, यासाठी काय तपासायचं, कोणत्या सेटिंग बदलायच्या, कुठलं ॲप कुठे चालतं, ते सगळं क्रमाने पाहू.

पहिलं काम: शिकवू नका, विचारा

आजी-आजोबा फोन टाळत असतील तर त्यामागे साधारण पाच कारणं असतात:

1. शब्द नीट ऐकू येत नाहीत.
2. स्क्रीनवरचं दिसत नाही किंवा बोटाला टच लागत नाही.
3. फोन चुकीच्या वेळी येतो, जेवणाच्या किंवा झोपेच्या.
4. काहीतरी दाबलं जाईल, पैसे जातील याची भीती असते.
5. बोलायचं काय हेच सुचत नाही.

यातलं पहिलं कारण माणूस स्वतःहून सांगत नाही. "मला ऐकू येत नाही" म्हणण्यापेक्षा "मला त्यातलं काय कळत नाही" म्हणणं सोपं जातं. म्हणून सगळ्यांसमोर विचारू नका. एकटे असताना, फोन बाजूला ठेवून विचारा.

एक सोपी परीक्षा आहे. दुसऱ्या खोलीतून साधा कॉल लावा आणि पाच-सहा सुटे शब्द सांगा, ते त्यांना परत म्हणायला लावा. आण्णांना मी "साखर" म्हणालो, त्यांनी "भाकर" ऐकलं. आम्ही दोघंही हसलो, पण उत्तर मिळालं होतं.

आवाज येतो पण शब्द कळत नाहीत, असं का होतं?

वर्षानुवर्षं मोठ्या आवाजात काम केलं की कान सगळ्या पट्ट्यांत सारखा अधू होत नाही. आधी उंच पट्टीतले आवाज जातात, साधारण 3000 ते 6000 हर्ट्झच्या आसपासचे. वयानेही उंच पट्टीच आधी कमी होते. माणसाच्या आवाजाचा जोर खालच्या पट्टीत असतो, म्हणून "कुणीतरी बोलतंय" हे समजतं. पण स, श, च, फ यांसारख्या वर्णांची ओळख वरच्या पट्टीत असते. ती गेली की शब्द एकमेकांत मिसळतात.

आता यात फोनची भर पडते. जुन्या पद्धतीचा साधा कॉल 300 ते 3400 हर्ट्झ एवढाच आवाज पुढे पाठवतो. म्हणजे कानाला जे आधीच कमी येतंय, त्यातलंच फोन आणखी कापून टाकतो. व्होल्टीईवरचा एचडी कॉल मात्र जवळपास 7000 हर्ट्झपर्यंतचा आवाज नेतो. नेट चांगलं असेल तर व्हॉट्सॲपसारख्या ॲपवरच्या कॉललाही आवाज जास्त स्पष्ट येतो. त्यामुळे "फोन नको, समोर ये मग बोलू" असं म्हणणारी आजी हट्टी नसते. तिच्या कानाला फरक खरंच कळत असतो.

ऐकू यावं म्हणून काय करायचं

फोनमध्ये:

- मोबाइल नेटवर्कच्या सेटिंगमध्ये व्होल्टीई चालू आहे का बघा. एचडी आवाजासाठी दोन्ही बाजूंना ते लागतं.
- पत्र्याच्या किंवा जाड भिंतीच्या घरात रेंज तुटत असेल आणि वायफाय असेल, तर वायफाय कॉलिंग चालू करा.
- एका कानाने कमी ऐकू येत असेल तर ॲक्सेसिबिलिटीमध्ये 'मोनो ऑडिओ' चालू करा. इअरफोन लावल्यावर दोन्ही बाजूंचा आवाज दोन्ही कानांत येतो.
- रिंगटोन बदला. बारीक किणकिणणारी ट्यून त्यांना ऐकूच जात नाही. खालच्या पट्टीतली, जाड आवाजाची ठेवा.
- अँड्रॉइड 14 आणि पुढच्या फोनमध्ये ॲक्सेसिबिलिटीत 'फ्लॅश नोटिफिकेशन' असतं. कॉल आला की कॅमेऱ्याचा दिवा लुकलुकतो. आयफोनमध्येही ही सोय आहे.

फोनच्या बाहेर:

- टीव्ही, पंखा, मिक्सर बंद करा. फटाके उडत असतील तर आतल्या खोलीत बसा.
- पलीकडच्याला सांगा की ओरडू नको. ओरडल्यावर माइकवर आवाज फाटतो आणि शब्द आणखी बिघडतात. सावकाश, छोटी वाक्यं बोलायची.
- शक्यतो व्हिडिओ कॉल करा. ओठ दिसले की अर्धे शब्द आपोआप कळतात. त्यासाठी पलीकडच्याच्या तोंडावर उजेड हवा, पाठीमागे खिडकी नको.
- ग्रुप कॉलवर एका वेळी एकानेच बोलायचं. हा नियम आमच्या घरात सगळ्यात अवघड गेला.

सेटिंगने भागत नसेल तर कान तपासून घ्या. कोल्हापुरात सीपीआर रुग्णालयात कान-नाक-घसा विभाग आहे. श्रवणयंत्राच्या खर्चाची अडचण असेल तर राज्य सरकारची 'मुख्यमंत्री वयोश्री योजना' 2024 साली सुरू झालीय. वय 65 पूर्ण आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 2 लाखांच्या आत असेल, तर चष्मा, श्रवणयंत्र, काठी अशा साधनांसाठी बँक खात्यात एकरकमी 3000 रुपये मिळण्याची तरतूद त्यात आहे. चौकशी जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात करायची. चांगलं यंत्र 3000 रुपयांत येत नाही, पण हातभार लागतो. नवीन यंत्र घेताना ते ब्लूटूथने फोनला जोडता येतं का, हे दुकानात आधीच विचारा. तसं असेल तर कॉलचा आवाज थेट यंत्रात येतो.

स्क्रीन आणि बोट

आण्णांच्या फोनवर मी स्वतःच 60 ॲप भरून ठेवली होती. ते सगळं काढून पहिल्या पानावर फक्त सहा गोष्टी ठेवल्या: आत्या, काका, बाबा, मी, कॅमेरा आणि फोन. त्यासाठी:

1. व्हॉट्सॲपमध्ये त्या माणसाचं चॅट उघडा.
2. वर उजवीकडे तीन टिंबं, मग 'आणखी', मग 'शॉर्टकट जोडा'.
3. होम स्क्रीनवर त्या माणसाचा फोटो येतो. फोटोत चेहरा मोठा हवा. लग्नातला ग्रुप फोटो ठेवलात तर उपयोग नाही.
4. साध्या कॉलसाठी विजेटमध्ये 'डायरेक्ट डायल' असेल तर ते ठेवा. एका दाबात कॉल लागतो.

अक्षरांचा आकार डिस्प्ले सेटिंगमध्ये मोठा करा, पण करताना त्यांनाच विचारत करा. फार मोठा केला तर बटणं स्क्रीनबाहेर जातात. काही कंपन्यांच्या फोनमध्ये 'ईझी मोड' असतो, तो एकदा लावून बघायला हरकत नाही.

बोटांची अडचण आपल्या लक्षात येत नाही. आयुष्यभर अंगमेहनतीचं काम केलेल्यांच्या बोटांची कातडी जाड आणि कोरडी असते, टच लागत नाही. मग माणूस जोर लावतो आणि जास्त वेळ दाबून धरतो, तर फोनला ते 'लाँग प्रेस' वाटतं. यावर दोन उपाय आहेत. डिस्प्लेमध्ये 'टच सेन्सिटिव्हिटी' असेल तर ती वाढवा. आणि ॲक्सेसिबिलिटीत 'टच अँड होल्ड डिले' लांब करा. जुना, बुडबुडे आलेला स्क्रीनगार्ड काढून टाका. निम्मं काम त्यानेच होतं.

कुठल्या देशात काय चालतं

- यूएई: दुबई, शारजा, अबुधाबीत व्हॉट्सॲपचे मेसेज, फोटो, व्हॉइस मेसेज जातात, पण व्हॉट्सॲप कॉल चालत नाहीत. काकांचा कॉल "सारखा कट होतो" म्हणून आज्जी काकांवर रुसायची, कारण हे होतं. तिथली माणसं बोटिम वापरतात. गुगल मीट आणि झूमसुद्धा चालतात. सणाच्या आदल्या दिवशी घरातल्या फोनवर ते ॲप टाकून एकदा कॉल करून बघा.
- इतर बहुतेक देश: व्हॉट्सॲप पुरेसं आहे. ग्रुप कॉलला 32 जण येऊ शकतात, पण आजी-आजोबा असतील तर चार-पाच फोनच्या वर जाऊ नका, चेहरे टिकलीएवढे होतात.
- गुगल मीट: फुकटच्या खात्यावर तीन किंवा जास्त जणांचा कॉल 60 मिनिटांनी संपतो, दोघांच्या कॉलला तो अडथळा नाही. आधी सांगून ठेवलं नाही तर "मध्येच ठेवला" असं वाटतं.
- नेट कमी असेल तर: व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये 'स्टोरेज आणि डेटा'त 'कॉलसाठी कमी डेटा वापरा' हे चालू करा. तरी अडकत असेल तर व्हिडिओ बंद करून नुसता आवाज ठेवा.

बटणाचा फोन असेल तर

स्मार्टफोन घेऊन देणं हा प्रत्येक वेळी उपाय नसतो. आमच्या एमआयडीसीत बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातून आलेले बरेच कामगार आहेत. त्यांच्या बाजूने पाहिलं तर लांब असलेला मुलगा इथे शिरोलीत आहे आणि म्हातारी आई तिकडे गावात. आमच्या शॉपमधला बिहारचा एक ऑपरेटर दिवाळीनंतर सहाव्या दिवशी येणाऱ्या छठला सुट्टी न मिळाल्याने इथेच राहिला. त्याच्या आईकडे बटणाचा फोन. मग आम्ही जेवणाच्या सुट्टीत कॉन्फरन्स कॉल लावला: आधी आईला कॉल, तो होल्डवर, मग सुरतच्या भावाला कॉल, मग 'मर्ज'. नेट लागत नाही, ॲप लागत नाही. अशा कॉलमध्ये साधारणपणे आपल्याशिवाय पाच जण येऊ शकतात. आईला काहीच करावं लागत नाही, फक्त फोन उचलायचा.

बटणाच्या फोनवर स्पीड डायलही लावून द्या. 2 दाबून धरलं की थोरला, 3 दाबून धरलं की धाकटा. आकड्यांवर रंगीत टिकल्या चिकटवल्या की आणखी सोपं जातं.

वेळेचं गणित

आता माझी दुसरी चूक. आत्याचा फोन दर रविवारी संध्याकाळी साडेसातला यायचा, तिच्याकडे सकाळचे दहा. 2024 ची भाऊबीज 3 नोव्हेंबरला, रविवारीच होती. बाबा ओवाळून घ्यायला पाटावर बसले, आण्णा नवीन सदरा घालून शेजारी. साडेसात वाजले, आठ वाजले, फोन नाही. आम्ही लावला तर ती उचलेना. आण्णा म्हणाले, "विसरली असंल, जाऊ दे," आणि जेवून झोपायला गेले. साडेआठला फोन आला. आत्याच्या घड्याळात बरोबर दहा वाजले होते. ती तोवर अंघोळ आवरून ताट तयार करत होती.

अमेरिकेत नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळ एक तास मागे जातं. त्या वर्षी तो रविवार नेमका भाऊबीजेचा निघाला. आपल्याकडे घड्याळ कधी बदलत नाही, म्हणून हे आपल्या डोक्यातच येत नाही. आणि दिवाळी कधी या बदलाच्या आधी येते, कधी नंतर. 2025 ची भाऊबीज 23 ऑक्टोबरला होती, म्हणजे बदलाच्या आधी. त्यामुळे मागच्या वर्षीची वेळ यंदा चालेलच असं नाही.

आपल्या वेळेपेक्षा फरक असा:

- यूएई: वर्षभर दीड तास मागे.
- ब्रिटन: उन्हाळ्यात साडेचार तास मागे, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून साडेपाच तास.
- जर्मनी: उन्हाळ्यात साडेतीन तास मागे, त्याच रविवारपासून साडेचार तास.
- न्यू जर्सी, न्यूयॉर्क: उन्हाळ्यात साडेनऊ तास मागे, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपासून साडेदहा तास.
- कॅलिफोर्निया: साडेबारा तास मागे, नंतर साडेतेरा तास.
- सिंगापूर: वर्षभर अडीच तास पुढे.
- सिडनी: साडेचार तास पुढे, ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारपासून साडेपाच तास.

फोनच्या घड्याळ ॲपमध्ये 'वर्ल्ड क्लॉक'ला ते शहर जोडा, बदल आपोआप दिसतो. आणि वेळ ठरवताना "नेहमीच्या वेळी" म्हणू नका, "इथले साडेसात" असं म्हणा. ती वेळ कॅलेंडरवर, म्हणजे भिंतीवरच्या कॅलेंडरवर, पेनाने लिहा. आजी-आजोबा तेच बघतात.

बोलायचं काय?

"कसे आहात? जेवलात का? बरं ठेवू?" एवढ्यात कॉल संपतो, कारण समोर काही चाललेलं नसतं. म्हणून कॉलला एखादं काम जोडा. चकली तळताना फोन कढईपासून लांब, डब्याला टेकवून उभा करा आणि आज्जीला तिकडच्या सुनेला पीठ दाखवू दे. मुलं किल्ला करत असतील तर आजोबांना कॅमेऱ्यातून बुरूज कुठे हवा ते सांगू दे. खंडेनवमीला कारखान्यातल्या मशीनची पूजा मी आण्णांना व्हिडिओवर दाखवली, तर त्यांनी दहा मिनिटं मलाच ग्राइंडरबद्दल प्रश्न विचारले.

वेळ जुळत नसेल तर व्हॉइस मेसेज वापरा. माइकचं चिन्ह दाबून वर सरकवलं की ते लॉक होतं, धरून ठेवावं लागत नाही. ऐकणाऱ्याला तो परत परत ऐकता येतो, कमी ऐकू येणाऱ्यांसाठी हा मोठा फायदा आहे. टाइप करायचा कंटाळा असेल तर जीबोर्डवर मराठीत बोलून लिहिता येतं.

सुरक्षितता: हे केल्याशिवाय फोन हातात देऊ नका

- व्हॉट्सॲप सेटिंगमध्ये 'प्रायव्हसी', मग 'कॉल्स', तिथे 'अनोळखी कॉल सायलेंट करा' हे चालू करा.
- 'टू-स्टेप व्हेरिफिकेशन' चालू करून सहा आकडी पिन लावा. पिन घरातल्या आणखी एकाला माहीत असू दे.
- कॉलवर स्क्रीन शेअर करायला घरचं माणूस सोडून कुणी सांगितलं तर फोन ठेवायचा. स्क्रीन शेअर केली की ओटीपीसुद्धा समोरच्याला दिसतो.
- व्हिडिओ कॉलवर पोलीस कुणाला अटक करत नाहीत. 'डिजिटल अरेस्ट' असं काही कायद्यात नाही. हे वाक्य त्यांना दोनदा सांगा.
- "मी तुमचा नातू, नंबर बदललाय, पैसे पाठवा" असा फोन आला तर विचारायला घरातला एक खुणेचा शब्द ठरवा. आमचा शब्द म्हणजे आमच्या जुन्या म्हशीचं नाव.
- पैसे गेलेच तर लगेच 1930 वर फोन करा. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणं अवघड. आणि आजी-आजोबांना रागावू नका. रागावलात तर पुढच्या वेळी ते सांगणार नाहीत.

सणाच्या आदल्या दिवशीची यादी

1. दोन्ही बाजूंनी ॲप अपडेट आहे का? व्हॉट्सॲप आता अँड्रॉइड 5.0 च्या आधीच्या फोनवर चालत नाही.
2. फोन आणि श्रवणयंत्र चार्ज.
3. फोन टेकवायला स्टँड, नाहीतर तांब्या. हात भरून आला की माणूस फोन ठेवतो.
4. वेळ दोन्ही ठिकाणच्या घड्याळात तपासली.
5. दोन मिनिटांचा चाचणी कॉल केला.
6. कॉल चालू असताना घरातलं कुणीतरी शेजारी बसणार, पण फोन हातातून ओढून घेणार नाही.

शेवटचा मुद्दा माझ्यासाठीच लिहिलाय.

2025 च्या भाऊबीजेला आत्याचा फोन इथल्या साडेसातला आला. आण्णांच्या कानात यंत्र होतं, फोन तांब्याला टेकवलेला. आत्याने स्क्रीनसमोर ताट धरून बाबांना ओवाळलं. मग तिने आण्णांना विचारलं, "आण्णा, ऐकू येतंय का आता?" आण्णा म्हणाले, "येतंय. सर्दी झालीय न्हवं तुला?"

खरंच झाली होती. आमच्यापैकी कुणाच्याच ते लक्षात आलं नव्हतं.